‘कळव्याला न्या’ : खाडीकाठच्या रुग्णालयांची कहाणी

डोंबिवली पश्चिमेला कोपर रोडवर महापालिकेचे शास्त्रीनगर रुग्णालय आहे. कोपर परिसरातल्या सामान्य माणसाची सरकारी उपचारांशी पहिली गाठ तिथेच पडते. दुखणे गंभीर निघाले, की पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘कळव्याला न्या.’ कळव्यात जमले नाही तर शीव, नाहीतर केईएम. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कुणी ठरवला असा प्रश्नच मनात येत नाही. खरे तर तो कुणीच ठरवला नाही. तो रुळांच्या कडेकडेने आपोआप घडत गेला.

आगगाडी १८५३ साली ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला, लोक मिळेल त्या गाडीने पळू लागले, आणि कल्याण जंक्शनला अचानक वेगळेच महत्त्व आले. १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन तिथे प्रवाशांना उतरवून तपासत, संशयितांना बाजूला काढत. कल्याणने पाहिलेली पहिली मोठी आरोग्ययंत्रणा ही अशी होती. माणूस बरा होतो की नाही यापेक्षा तो पुढे जाऊ नये, याची तिला अधिक काळजी होती.

त्यानंतर जी रुग्णालये आली, त्या प्रत्येकामागे वेगळे निमित्त आणि वेगळा धनी होता. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे, नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभे राहिलेले. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही आपल्याकडची थट्टा त्यातूनच आली. एका गावाचे नावच आजाराला चिकटावे, हा त्या गावावरचा अन्यायच म्हणायचा. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला विठ्ठल सायन्ना या दात्याचे नाव आहे. कल्याणचे रेल्वे रुग्णालय रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला, १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले आणि तिथले मध्यवर्ती रुग्णालय राज्य शासनाच्या हाती राहिले. १९४८ चा कामगार विमा कायदा आला, पुढे वागळे इस्टेटसारख्या वसाहतींत कारखाने वाढले, आणि ठाणे व उल्हासनगरला विमा कामगारांची रुग्णालये झाली. म्हणजे एकाच खाडीच्या आसपास दाता, रेल्वे, राज्य शासन आणि विमा योजना, आणि पुढे त्यांत नगरपालिकांची भर. रुग्ण मात्र तोच! आज रेल्वेत असलेला माणूस उद्या निवृत्त होतो, कारखाना बंद पडला की विम्याचे कार्ड निरुपयोगी होते, आणि मग तो पुन्हा महापालिकेच्या रांगेत येतो.

ही दवाखान्यांची गर्दी एका सूत्रात ओवण्याची कल्पना मात्र जुनी आहे, आणि ती मांडणारा माणूस मूळचा आपल्या नाशिकचा. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. दीर्घ पल्ल्याच्या योजनेत दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे दुय्यम आणि जिल्ह्याला २,५०० खाटांचे मुख्य रुग्णालय अशी उतरंड तिने सुचवली होती. खालच्याने वरच्याकडे रुग्ण पाठवायचा, वरच्याने खालच्याला तज्ज्ञ पुरवायचे. आपण यातला पहिला अर्धा भाग तेवढा मनापासून स्वीकारला.

कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेपर्यंत तिची वस्ती साडेबारा लाखांच्या घरात गेली. तिच्या हाताशी मोठी रुग्णालये दोनच, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर. भोर समितीची मोजपट्टी इथे लावून पाहण्यातही अर्थ नाही. त्यात सत्तावीस गावांची ओढाताण : २००२ मध्ये ती महापालिकेबाहेर गेली, २०१५ मध्ये परत आली. डोंबिवलीकराची खरी भिस्त राहिली ती सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या नर्सिंग होमवर आणि घरच्या डॉक्टरांवर. बाळंतपणे, अपेंडिक्स, मोडलेले हात त्यांनी सांभाळले, हे ऋण मोठे आहे. पण डोक्याला मार लागलेला, रुळांवर सापडलेला गरीब माणूस तिथे कसा राहणार? ठाणे महापालिकेने १९९२ मध्ये कळव्याला वैद्यकीय महाविद्यालय काढले. कल्याण-डोंबिवलीने तेव्हा तसे पाऊल उचलले नाही. म्हणून कळवा.

ऑगस्ट २०२३ मध्ये या व्यवस्थेची परीक्षा झाली. ठाण्याचे सिव्हिल हॉस्पिटल पाडून तिथे ९०० खाटांचे नवे रुग्णालय बांधायचे ठरले होते आणि जुने मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले होते. तिथे न सामावणाऱ्या रुग्णांचा भार ५०० खाटांच्या कळव्यावर आला. १२ आणि १३ तारखेच्या दरम्यान चोवीस तासांत तिथे १८ रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली. अनेक रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत, दुसरीकडून पाठवलेले आले होते, असे तेव्हा सांगण्यात आले. मला तो खुलासा बचावापेक्षा कबुलीसारखा वाटतो, आणि ती कबुली एकट्या कळव्याची नव्हे. अत्यवस्थ माणूस दोन-तीन दारे हिंडून शेवटच्या दाराशी पोहोचतो, हेच तर त्यातून कळते.

अशी गाठ सुटण्याचा अनुभव श्रीमंत देशांनाही येतो. हॉलंडमध्ये रुग्णवाहिका बोलावल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत तातडीच्या विभागात पोहोचता यावे असे माप धरतात, आणि एका प्रदेशातली रुग्णालये, रुग्णवाहिका सेवा व घरचे डॉक्टर एकत्र बसून कामे वाटून घेतात. तरी २०१८ च्या ऑक्टोबरात लेलिस्टाड शहरातले रुग्णालय दिवाळखोरीत गेले आणि रुग्णांना शेजारच्या शहरांकडे वळवावे लागले. रुग्णालय असे अचानक मिटले तर रुग्णांच्या सुरक्षिततेचे काय होते, याची तिथे पुढे स्वतंत्र चौकशीही झाली. दुर्दैव तिथेही होते. फरक एवढाच, की शेजारच्यांनी कोणता भार उचलायचा हे विचारण्यासाठी एक टेबल आधीपासून होते. आपल्याकडे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका, राज्य शासन, रेल्वे आणि विमा योजना यांचे तसे टेबल असते, तर सिव्हिल हलवण्याआधी कळव्याच्या खाटा कुणीतरी मोजल्या असत्या.

कोपरहून कळवा लोकलने तिसरे स्थानक : दिवा, मुंब्रा, कळवा. स्ट्रेचरवरच्या माणसाला मात्र लोकलचा उपयोग नाही, आणि रस्त्याने जायचे तर वर्षानुवर्षे शिळफाट्याचा वळसा घालून मुंब्र्यावरून जावे लागे. आता मोठागाव–माणकोली पुलाने खाडी ओलांडून नाशिक महामार्गाला लागता येते. त्या वाटेने ठाण्यात शिरले, की सिव्हिल कळव्याच्या आधी लागते.