मूत्राशयाच्या अस्तराचे पेशीपटल

मूत्राशयाच्या आतल्या बाजूच्या पेशींना मूत्राच्या बाजूने असलेले आवरण. मूत्रातील पाणी, यूरिया व क्षार रक्तात परत झिरपू न देणे आणि मूत्राशय फुगताना न फाटता ताणले जाणे, ही दोन्ही कामे ते करते. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. उन्हात राबणाऱ्याचे बरेच पाणी घामावाटे निघून जाते व लघवी गडद होते. एवढे तीव्र मूत्र तासन्‌तास साठूनही खालच्या ऊतींना इजा होत नाही, ती या पटलामुळे.

थर : हे अस्तर संक्रमणी अभिस्तर ऊतीचे असते. त्यात तळपेशी, मधल्या पेशी आणि सर्वांत वर मोठ्या छत्री पेशी असतात. मूत्राशय रिकामा असताना छत्री पेशी घुमटासारख्या दिसतात. भरला की चपट्या होतात. धुळे व जळगाव येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हे थर रंगवलेल्या काचपट्टीवर साध्या सूक्ष्मदर्शकाने पाहता येतात. पटलाची जाडी मात्र सुमारे १२ नॅनोमीटर. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

पटलाची रचना : इतर पेशीपटलांचे आतले व बाहेरचे पदर साधारण सारख्या जाडीचे दिसतात. येथे बाहेरचा पदर आतल्याच्या जवळजवळ दुप्पट जाड असतो, म्हणून याला ‘असममित पटल’ म्हणतात. ही जाडी युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांमुळे येते. त्यांचे मुख्य प्रकार चार : १ए, १बी, २ व ३ए. १ए ची जोडी २ शी आणि १बी ची ३ए शी जमते. या जोड्यांपासून सुमारे १६ नॅनोमीटर व्यासाचे कण बनतात व ते मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी मांडणीत बसतात. अशा कणांच्या ताठर फरश्यांनी पेशीचा बहुतेक पृष्ठभाग व्यापलेला असतो. दोन फरश्यांमधला भाग लवचीक असतो. मूत्राशय भरताना पेशीतील चपट्या पिशव्या पृष्ठभागाला जोडल्या जातात व पटलाचे क्षेत्र वाढते. शेजारच्या छत्री पेशींमधील फटी घट्ट सांध्यांनी बंद असतात.

विकार : मूत्रमार्गाच्या संसर्गास बहुधा कारण ठरणारा ई. कोलाय जिवाणू युरोप्लाकिन १ए वरील शर्करेला चिकटूनच आत शिरकाव करतो. तंबाखूच्या धुरातील कर्करोगकारक द्रव्ये मूत्रात उतरतात. या अस्तराच्या कर्करोगाचे धूम्रपान हे प्रमुख कारण आहे. वेदना नसताना एकदाच जरी लघवीतून रक्त गेले, तरी ते उन्हाळी लागल्याचे समजून सोडून देऊ नये. तपासणी करून घ्यावी.