ब्लूमचं वर्गीकरण : परीक्षकांच्या सोयीपासून पाठ टाचणापर्यंत

ब्लूमचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे पिरॅमिड येतो. पण 1956च्या मूळ पुस्तकात पिरॅमिड नव्हताच. तो नंतरच्या लोकांनी काढला. मग मूळ काम कशासाठी होतं? तर परीक्षकांच्या सोयीसाठी.

1948 साली बोस्टनला अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात काही महाविद्यालयीन परीक्षक एकत्र बसले. प्रश्न तयार करण्याचे कष्ट वाचावेत, एका विद्यापीठाचे चांगले प्रश्न दुसऱ्याला वापरता यावेत, यासाठी त्यांना समान भाषा हवी होती. शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी पुढे सहा वर्ग मांडले : ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन.

भारताशी याचा संबंध लगेच आला. 1957मध्ये ब्लूम स्वतः मूल्यमापनाच्या कार्यशाळा घेण्यासाठी इथे आले होते. परीक्षा सुधारणेचा विचार आपल्याकडे रुजला, आणि पुढे बी.एड.च्या पाठ टाचणात ‘उद्दिष्टे’ आणि ‘स्पष्टीकरणे’ हे रकाने कायमचे बसले. विद्यार्थी सांगतो, ओळखतो, फरक स्पष्ट करतो... क्रियापदं पाठ झाली!

घोटाळा इथेच आहे. ‘पानिपतच्या पराभवाची कारणे तपासा’ हा प्रश्न कुठल्या वर्गातला? क्रियापद पाहून आपण म्हणू, विश्लेषण. पण पाच कारणं गाइडमधून पाठ केलेली असतील, तर मुलगा फक्त आठवतोय. म्हणजे ते झालं ज्ञान. हे ब्लूमच्या गटालाही ठाऊक होतं. मुलाला आधी काय शिकवलंय हे कळल्याशिवाय प्रश्नाचा वर्ग ठरत नाही, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं.

2001मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी सुधारित मांडणी केली. नामांच्या जागी क्रियापदं आली, ‘निर्मिती’ सर्वांत वर गेली. शिवाय ज्ञानाचे प्रकार वेगळे काढून दुसरी बाजू जोडली, म्हणजे साध्या उतरंडीचा तक्ता झाला. आपल्या भिंतींवर मात्र पिरॅमिडच राहिला. त्यामुळे माहिती म्हणजे खालची, हलकी गोष्ट, असा समज पसरला. अहो, पण 1761 सालचं राजकारणच माहीत नसेल तर मुलगा विश्लेषण कशाचं करणार?

तेव्हा रकान्यात कुठलं क्रियापद लिहिलं, याला फारसा अर्थ नाही. मुलापुढे आलेला प्रश्न त्याच्यासाठी खरोखर नवा होता का, एवढं बघा. आणि ते वर्गातल्या शिक्षकाशिवाय कोण सांगणार?