सल्ला मागतात, म्हणून सल्लाच द्यायचा?

समुपदेशनाच्या प्रशिक्षणवर्गांत एक आक्षेप हमखास ऐकू येतो. नीट ऐकणं, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवणं, उत्तर त्याच्याकडूनच काढणं, हे सगळं अमेरिकेतलं. आपला माणूस ‘आता मी काय करू ते सांगा’ म्हणतच दारात येतो, तेव्हा त्याला सांगायलाच हवं. दाखला तयार असतो: श्रीकृष्ण हा आद्य समुपदेशक, आणि त्याने अर्जुनाला सांगितलंच ना?

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. जसवंतसिंग नेकी यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञाने १९७३ मध्ये गुरू-शिष्य नात्याकडे उपचाराचा नमुना म्हणून पाहिलं होतं. आपल्याकडे वडीलकीचा आधार माणसाला हवा असतो, हे खरंच आहे. पण आधार देणं आणि निकाल देणं या दोन गोष्टी आहेत.

गीतेचा दाखला देणाऱ्यांनी ती क्रमाने वाचावी. पहिल्या अध्यायात बोलतो तो मुख्यतः अर्जुन. कृष्णाच्या तोंडी जेमतेम एक वाक्य आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी कृष्ण दोन श्लोकांत झाडतो: हा दुबळेपणा सोड, ऊठ. हा अस्सल सल्ला, आणि तो फसतो. अर्जुन लगेच भीष्म-द्रोणांचा प्रश्न पुढे करतो. सातव्या श्लोकात तो स्वतःहून शिष्यत्व पत्करतो, नवव्यात लढणार नाही म्हणून गप्प बसतो, आणि मग अकराव्यापासून उपदेश सुरू होतो. पुढेही तो मधे मधे अडवतो, शंका काढतो. अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात कृष्ण म्हणतो की याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल ते कर. बहात्तराव्यात विचारतो, नीट ऐकलंस ना, मोह गेला का? गीता समुपदेशनाचं पाठ्यपुस्तक नव्हे. पण साक्षीला बोलावलीच आहे, तर तिची साक्ष उलट पक्षाची निघते.

हे ऐकण्याचं तंत्र ज्यांच्या नावावर सांगितलं जातं, ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स निव्वळ आरसा धरत, हा समजही अर्धवट आहे. मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या पुन्हा ऐकण्याची शिस्त त्यांनी १९४० च्या दशकातच आणली. पुढे १९६६ मध्ये संशोधक ट्रुअक्स यांनी रॉजर्सच्याच मुलाखती तपासल्या, तेव्हा दिसलं की अशिलाच्या काही विशिष्ट बोलण्यावर त्यांचा जिव्हाळा वाढत होता. म्हणजे दिशा तेही नकळत देत होते. निव्वळ आरसा होणं कुणालाच जमत नाही. तसा दावा करणाऱ्यांवर टीका जरूर करावी. उलट टोकाला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, ज्यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. एलिस वाद घालत, गृहपाठ देत. तरीही त्यांचा रोख अशिलाच्या समजुतींवर असे. नोकरी सोडू की नको, याचा निकाल लावून देणं हे त्यांचं काम नव्हतं.

आता ‘आपला माणूस’. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने केलेल्या चाचण्या २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्या. समुपदेशक स्थानिकच, मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेले. दारूचा त्रास असलेल्या ३७७ पुरुषांच्या चाचणीत एक ते चार भेटी होत्या आणि पद्धतीचा गाभा प्रेरणा जागवणाऱ्या मुलाखतीचा. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीबाहेर होते. फक्त नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी २६ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण ही पद्धत आपल्याकडे चालत नाही, हे म्हणणं मात्र त्यापुढे टिकत नाही.

अशा मुलाखतीत काय घडतं? समजा कुणी म्हणाला, ‘दारू कशी सोडू, सांगा.’ ‘आजपासून बंद करा’ म्हटलं की तो मान डोलावतो आणि ‘बघतो’ म्हणून जातो. त्याऐवजी ‘सोडावीशी का वाटली?’ असं विचारलं, तर तो म्हणेल, ‘मुलगी बोलत नाही.’ ‘तिचा अबोला लागलाय तुम्हाला.’ एवढंच म्हणून थांबायचं. पुढचं तोच बोलतो, आणि स्वतःच्या तोंडून आलेलं कारण त्याला झटकता येत नाही. मग माहितीही द्यावी, सल्लाही द्यावा, ‘सांगू का?’ असं विचारून द्यावा आणि ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असं विचारून थांबावं. वर्ज्य आहे तो घाईचा सल्ला, कारण त्याने बरं वाटतं ते देणाऱ्यालाच.

गोव्यातल्या त्या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत; सहकारी त्या ऐकून गुण देत. आपल्याकडच्या समुपदेशन-अभ्यासक्रमांनी निदान एवढं उचलावं: अशिलाच्या संमतीने झालेलं ध्वनिमुद्रण कुणीतरी जाणत्याने ऐकल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याला प्रमाणपत्र देऊ नये.