बुळकांडी गेली कुठं?

जानेफळातल्या विशीतल्या पोराला विचारा, बुळकांडी म्हणजे काय? नाही सांगता येणार. घरातल्या म्हाताऱ्याला विचारा. गुराला ताप, तोंडात फोड, मग हगवण, अन् आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. बैल गेला की पेरणी गेली.

गुरांच्या अशा साथींसाठी १८८९ साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली, पुढं ती मुक्तेश्वरला हलवली. तिथं १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेऊन नरम केला, अन् त्याचीच लस गुरांना टोचली. गरिबाची गाय म्हणतो ना आपण शेळीला? तिनं बैल वाचवले! पुढं आणखी चांगली लस आली. भारतातली शेवटची साथ १९९५ची. २०११ला बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग, पण गावात एक फटाका फुटला नाही.

२०२२ला लम्पीची साथ आली, आपल्या बुलडाणा जिल्ह्यालाही जबर फटका बसला. तेव्हाही गायी-बैलांना टोचली ती शेळ्यांच्या देवीवरचीच लस, तीही फुकट. दगावलेल्या बैलामागं तेव्हा सरकारी मदत होती २५ हजार. तेवढ्यात जोडीला दुसरा बैल मिळतो का, बाजारात विचारून पाहा.