झांगल्याची नऊ फुटांची खोली

आपल्या लोकांचें मूळ शोधण्यासाठीं मनुष्य घर सोडतो, तेव्हां कोणतें मूळ सांपडावें हें बहुधा त्याच्या मनानें अगोदरच ठरविलेलें असतें. हंगेरीचा भाषापंडित अलेक्झांडर चोमा याचें चरित्र या गोष्टीचें मोठें उदाहरण आहे. स्वप्नांतल्या प्रदेशाकडे तो अर्धें आयुष्य चालत राहिला, तेथें कधींच पोंचला नाहीं, आणि वाटेंत जेथें अडला तेथेंच त्याच्या हातून चिरकाल टिकणारें काम झालें.

चोमाचा जन्म 1784 सालीं ट्रान्सिल्व्हेनियांतील कोरोश या खेड्यांत झाला. हंगेरियन भाषा भोंवतालच्या जर्मन, स्लाव्ह व रुमानियन भाषांशीं जुळत नाहीं. तेव्हां आपले पूर्वज आशियांतील कोणत्या भागांतून आले, हा प्रश्न तेथील विद्यार्थ्यांपुढें सदैव असे. मध्य आशियांतील उइगुर लोकांत आपले भाऊबंद सांपडतील, अशी चोमाची समजूत झाली. वास्तविक या प्रश्नाच्या उत्तराची दिशा तोंपर्यंत छापून झाली होती. त्याच्याच प्रांतांतील ग्यार्मती नांवाच्या विद्वानानें हंगेरियनचें फिनिश वर्गाच्या भाषांशीं असलेलें नातें व्याकरणाच्या आधारें सिद्ध करणारा ग्रंथ 1799 सालीं गटिंगेन येथें प्रसिद्ध केला होता. आणि पुढें त्याच गटिंगेनच्या विद्यापीठांत चोमा शिकला. परंतु घोडेस्वार विजेत्यांचे वंशज म्हणविणाऱ्या लोकांना उत्तरेकडील गरीब कोळ्यांशीं सोयरीक नको होती. ‘माशाच्या वासाचें नातें’ म्हणून तिची थट्टा होई. कुळ शोधतांना थोर पूर्वज तेवढे आपले म्हणण्याची ही खोड आपल्याकडेही अनोळखी नाहीं.

1819 च्या नोव्हेंबरांत चोमा निघाला. बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल व लाहोर असा प्रवास करून, त्यांतील बराचसा पायीं, तो 1822 च्या जूनमध्यें लेहला पोंचला. तेथून यारकंदची वाट होती. पण ती त्याच्यासारख्या निष्कांचन प्रवाशास खर्चाची व धोक्याची ठरली. परततांना द्रासच्या बाजूस त्याची विल्यम मूरक्रॉफ्टशीं गांठ पडली. मूरक्रॉफ्ट हा कंपनी सरकारच्या घोडपैदाशीचा अधिकारी. त्यानें चोमास तिबेटी भाषा शिकण्याची गळ घातली, द्रव्यसाह्य केलें, आणि 1823 च्या जूनमध्यें चोमा झांस्करांतील झांगला या गांवीं सांग्ये फुंत्सोग या लामापाशीं शिकावयास बसला.

तेथील हिवाळ्याची हकीकत डॉ. जेरार्ड यानें पुढें लिहून ठेवली आहे. नऊ फूट लांब व तितक्याच रुंद खोलींत चोमा, लामा आणि एक नोकर असे तिघे तीन-चार महिने कोंडल्यासारखे राहिले. बाहेर बर्फ, आंत शेकोटी नाहीं, अंधार पडल्यावर दिवा नाहीं, निजावयास उघडी जमीन. मेंढीच्या कातड्याचा अंगरखा पांघरून तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाची. पान उलटण्यासाठीं हात बाहेर काढणें हीच शिक्षा होती.

ड्यूकानें लिहिलेलें चोमाचें चरित्र आम्हीं महाविद्यालयांत असतांना वाचलें, आणि तेव्हांपासून झांस्कर या तीन अक्षरांचा ध्यास लागला. पुढें नोकरी, संसार व उत्तरपत्रिका यांत तीस वर्षें निघून गेलीं. गेल्या ऑगस्टांत तो योग आला. कारगिलहून सुरू नदीच्या कांठानें आम्ही रंगदुमला गेलों आणि पेन्सी ला ही सुमारें 4,400 मीटर उंचीची खिंड ओलांडली. तेथून द्रांगद्रुंग हिमनदीचें अजस्र वळण दिसलें, तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु खालीं पदुमच्या बाजूस उतरल्यावर समोर आलें तें निराळेंच: पिवळीं पडत चाललेलीं जवाचीं शेतें, घरांच्या धाब्यांवर रचलेला चारा, हिंवाळ्यासाठीं वाळत घातलेल्या शेणी. तरुणपणीं चित्तांत रंगविलेला प्रदेश निर्मनुष्य असतो. प्रत्यक्षांतल्या प्रदेशांत माणसें कामांत असतात.

झांगल्याचा जुना राजवाडा म्हणजे गांवावरील कड्यावर मातीच्या विटांनीं बांधलेला उंच वाडा. अमृता शेरगिल यांचे मामा एर्विन बाक्ताय हे 1928 सालीं चोमाचा माग काढीत या भागांत आले होते. 2008 पासून हंगेरियन स्वयंसेवकांनीं वाड्याची डागडुजी चालविली. चोमाची म्हणून दाखवितात त्या खोलींत आम्ही घटकाभर बसलों. ऐन उन्हाळ्यांतही भिंतींचा गारवा अंगाला लागत होता. येथें बसलेल्या माणसाला हवे होते उइगुर. त्याच्यापुढें होत्या तिबेटी पोथ्या. नको असलेल्या कामावर त्यानें इतकें प्रेम कसें केलें, हा प्रश्न चरित्र वाचतांना पडला नव्हता. तो त्या खोलीनें विचारला.

त्याचें उत्तर त्याच्या पुढील कामांत आहे. फुगताल आणि मग किन्नौरांतील कानम येथें त्यानें अध्ययन चालू ठेवलें, सरकारच्या दरमहा पन्नास रुपयांवर. 1834 सालीं कलकत्त्यास त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश व व्याकरण छापून निघालें, आणि तिबेटी विद्येचा शास्त्रशुद्ध पाया घातला गेला. पाठोपाठ त्यानें कांग्युर व तेंग्युर या महासंग्रहांत काय आहे याचा सविस्तर गोषवारा एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत दिला. या संग्रहांत भारतांतून नष्ट झालेल्या कितीतरी संस्कृत ग्रंथांचीं भाषांतरें आहेत. म्हणजे आपलें घर शोधावयास निघालेल्या परक्यानें आमच्या हरवलेल्या घरीं जाण्याचा रस्ता आम्हांस दाखविला.

स्वप्न मात्र त्यानें सोडलें नव्हतें. 1842 सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, तो ल्हासाकडे निघाला. तेथून पुढें उइगुरांचा देश गांठण्याची आशा त्याला होती. तराईंत ताप भरला व 11 एप्रिल रोजीं दार्जिलिंगला त्याचा अंत झाला. मागें उरल्या त्या ग्रंथांच्या व कागदांच्या चार पेट्या, कांहीं चादरी, एक भांडें आणि नेहमींचा निळा पोशाख.

हंगेरियनला सर्वांत जवळच्या भाषा खांती व मान्सी या लोकांच्या; तीं माणसें सैबेरियांत ओब नदीच्या खोऱ्यांत मासे पकडून, हरणें पाळून राहतात. चोमा ल्हासाच्या पुढें गेला असता तरी त्याला आपले भाऊबंद भेटले नसते. पण त्याचें ध्येय चुकीचें होतें म्हणून त्याचे श्रम वायां गेले, असें तिबेटी ग्रंथाचें एक पान उलगडणारा कोणताही अभ्यासक म्हणणार नाहीं. स्वप्न मनुष्याला घराबाहेर काढतें. इतका त्याचा उपकार पुरेसा आहे. पुढें जी खोली वांट्यास येते, तींत हात गारठले तरी पान उलटीत राहणें, हें मात्र ज्याचें त्यालाच करावें लागतें.