तोफेची थरथर, हाताची थरथर

दुसऱ्या महायुद्धात विमानं इतकी वेगवान झाली की दिसतंय तिथे गोळा डागून उपयोग नव्हता. गोळा पोचेपर्यंत विमान पुढे गेलेलं असायचं. म्हणून एमआयटीत गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आणि इंजिनिअर ज्युलियन बिगेलो विमानाच्या पुढच्या जागेचा अंदाज बांधणारं यंत्र बनवत होते.

अशा यंत्रणा फीडबॅकवर चालतात: हवं ते आणि झालं ते यांतला फरक मोजायचा, तेवढी दुरुस्ती करायची. पण दुरुस्ती फार जोरात किंवा उशिरा झाली, तर तोफ नेमाच्या पलीकडे जाते, मग अलीकडे, आणि झुलतच राहते.

दोघांनी मेक्सिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ यांना विचारलं, माणसाचं असं होतं का? होतं. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाने पाण्याचा ग्लास उचलला, की तोंडाजवळ येता येता हात हेलकावतो, पाणी सांडतं. पहिल्या महायुद्धात गोळी लागलेल्या सैनिकांमधली ही लक्षणं ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी बारकाईने नोंदवली होती. 1943 साली या तिघांनी निबंधात त्यांचा नवा अर्थ लावला: हात लुळा नाही, चूक कळतेय, दुरुस्तीही होतेय, पण ती बेताबाहेर जातेय.

डोळ्यांची खबर मेंदूत पोचून हात हलेपर्यंत वेळ जातोच. त्यामुळे मेंदूलाही त्या यंत्रासारखा पुढचा अंदाज बांधावा लागतो. आज अनेक संशोधक हे काम लहान मेंदूचं मानतात.