कुंपण, फाटक आणि दिंडी

'कुंपण' हा शब्द इथल्या मातीतला. 'हद्द' अरबीतून मराठीत आली आणि 'दरवाजा' फारसीतून. घरापुढच्या चार हात जागेत या भाषा अशा शेजारी नांदतात. मावळातला त्यांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. जुने कुंपण गुरांना अडवण्यासाठी होते, माणसांना नव्हे.

भात आणि गुरे यांवर जगणाऱ्या या तालुक्यात शेर, निवडुंग, निरगुडी, मोगली एरंड लावून कुंपण होई. शेर, निरगुडीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत आणि पावसाळ्यात रोवलेली फांदी सहज मूळ धरते. लाकडी खांब मात्र लोणावळ्याकडच्या चार हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात कुजतो. शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालण्याची व्यवस्था १८७१ च्या कायद्याने पक्की केली. माणूस मात्र कुंपणातल्या वाटेने ये-जा करीत राहिला.

हद्द कागदावर आली ती इंग्रजी अमदानीत. १८३५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी सुरू झाली आणि ती पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. साखळी ३३ फुटांची, ३३ फूट लांब-रुंद जागेचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. हद्दीवर दगड रोवले गेले. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. रेल्वेने तार, घायपात आणि फाटक आणले. काटेरी तारेचे पेटंट अमेरिकेत ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ मध्ये घेतले, तेही गुरांसाठीच. पुढे मुंबईच्या धनिकांचे बंगले लोणावळा-खंडाळ्यात उभे राहिले, तसे दगडी खांब आणि लोखंडी गेट घरापुढे आले. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाच्या दोन्ही अंगांनी कुंपण गेले आणि पलीकडच्या शिवारात जायला बोगदा किंवा पूल शोधावा लागू लागला. आता कुंपण माणसालाही अडवू लागले.

जुनी वाट अडवणे कायद्यालाही मान्य नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाप्रमाणे शेताची वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवायचे असेल तर मनाई करू नये, अशा अर्थाची हदीस हजरत अबू हुरैरा (र.) यांच्याकडून बुखारी शरीफमध्ये आली आहे. म्हणजे भिंत आपली असली तरी तिच्यात शेजाऱ्याचाही काही हक्क असतो.

कामशेतजवळच्या आमच्या घराचे कुंपण बदलायचे ठरले तेव्हा हाच प्रश्न पुढे आला. शेर वाळला होता, तार गंजली होती, सागाचे फाटक बिजागरीतून सुटले होते. मुंबईच्या नातेवाइकांना सहा फुटी भिंत हवी होती. पण मागच्या वाडीतल्या बाया एस.टी.च्या थांब्याकडे आमच्या अंगणातूनच जात. त्यांच्यातल्या एका आजींनी अब्बांना सांगितले, "चाचा, भिंत खुशाल घाला, पण वाट तेवढी ठेवा."

आम्ही आधी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेतली आणि शेजाऱ्यांसमक्ष हद्दीचे दगड पक्के केले. मग कमरेइतकी दगडी भिंत बांधली, पाणी निघायला तळाशी भोके ठेवली आणि आतून पुन्हा शेर लावला. फाटकाचा तोडगा मात्र जुन्या वास्तूंनी दिला. पुण्यात १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला अणकुचीदार खिळे आहेत, तरी त्याच्या एका फळीत माणसापुरती दिंडी आहे. मोठा दरवाजा बंद असतानाही ये-जा चालावी, ही तिची सोय. मात्र तिथून शिरणाऱ्याला वाकावे लागते.

आमच्याही दहा फुटी फाटकात आम्ही दिंडी ठेवली, पण इतकी उंच की कोणाला मान लववावी लागू नये. मागच्या बाजूलाही तशीच एक ठेवली. दिवसा दोन्हींना फक्त कडी असते, कुलूप नसते.

घराची हिफाजत हवीच, त्यात वाद नाही. पण कुंपण बदलताना मोजणीचा नकाशा जसा पाहतो, तशी त्या जागेतून कोणाची पावले जातात हेही पाहिले पाहिजे. नकाशात हद्द दिसते. शेजाऱ्याची वाट मात्र त्यालाच विचारावी लागते.